रांगोळीसाठी डिग्रीचा फोटो

"मॅडम, तिला जराशी गोरी करा," भोईरकाका म्हणाले. दर्शनाने डोक्यावरची काळी टोपी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मग मला फोटोच नको."

आचोळ्यातल्या माझ्या स्टुडिओत हे चाललं होतं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. पदवीदान समारंभाला जाणं सगळ्यांना जमायचं नाही. निकाल लागला की मुलं आईवडिलांना घेऊन स्टुडिओत यायची. गाऊन, टोपी आणि लाल फीत बांधलेली कोऱ्या कागदाची सुरळी आमच्याकडेच असायची. त्या एका गाऊनमध्ये मी अर्धं नालासोपारा ग्रॅज्युएट केलं. फोटो काढणारी बाई आहे म्हटल्यावर मुलींच्या घरचे निर्धास्त असत. पण "गोरी करा" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

भोईरकाका जूचंद्रचे. तिथे रांगोळी म्हणजे दारापुढचे चार ठिपके नव्हेत. फोटो समोर ठेवून माणसाचा हुबेहूब चेहरा जमिनीवर उतरवणारे लोक आहेत तिथे. काकांनी आजवर देव काढले, पुढारी काढले. यंदा दिवाळीच्या प्रदर्शनात त्यांना मुलगी काढायची होती, गाऊन घातलेली. घरातली पहिली ग्रॅज्युएट.

"आख्खा गाव बघायला येल," काका म्हणाले. "कोनी नावं ठेवायला नको."

"म्हणून बाबा मला पुसून दुसरीच कोणीतरी काढणार," दर्शना मला म्हणाली. शाळेत पोरी काळी म्हणायच्या, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. बापालाच आपला रंग लपवावासा वाटतो, हे मात्र तिला झोंबलं होतं.

मी मध्यस्थी केली. "काका, दोन्ही प्रकारे काढते. प्रिंट बघा आणि ठरवा." दर्शनाने मोठ्या नाखुशीने टोपी पुन्हा घातली.

आधी काकांच्या मनासारखा काढला. आकाशी पडदा, चेहऱ्यावर पावडर, समोरून भरपूर लाइट. लॅबला प्रिंट फिकट काढायला सांगायचं, की झालं काम.

मग माझ्या पद्धतीने. काळा गाऊन उजेड पिऊन टाकतो आणि आकाशी पडद्यापुढे सावळा रंग राखेसारखा दिसतो. म्हणून मी मातकट तपकिरी पडदा सोडला. तिची पांढरी ओढणी काढायला लावली, कारण गळ्याशी पांढरं असलं की चेहरा आहे त्याहून काळवंडतो. माझ्याकडची हळदी रंगाची ओढणी तिला दिली. गाऊनच्या गळ्यातून तेवढीच पिवळी कड दिसत होती. छत्रीचा लाइट, म्हणजे छत्रीवर आपटून मऊ होऊन येणारा उजेड, एका बाजूला घेतला. तिला खांदे तिरके करून उभं केलं, मान माझ्याकडे, हनुवटी किंचित खाली. सरळ छाती काढून उभं राहिलं की माणूस ओळखपत्रावरच्यासारखा दिसतो.

"सुरळी अशी तलवारीसारखी धरू नकोस गं," मी म्हटलं. ती हसली, आणि मी बटण दाबलं.

प्रिंट आल्यावर काका एकटेच आले. दोन्ही फोटो उजेडात नेऊन पाहिले. फिकट फोटोत दर्शनाचं नाक जवळजवळ नाहीसं झालं होतं. काकांनी तोच घेतला. मला राग आला, पण मी पाकिटात घालून दिला. दुसरा ड्रॉवरमध्ये ठेवला.

दिवाळी तोंडावर आली आणि काकांचा फोन आला. "मॅडम, तो दुसरा फोटो हाय का?"

"आहे. काय झालं?"

काका म्हणाले, "दोनदा काढली, दोनदा पुसली. कोनाची तरी पोरगी येते, माजी नाय येत."

मला राहवेना. फोटो घेऊन मी स्वतःच जूचंद्रला गेले. प्रदर्शन भरणार होतं त्या शाळेच्या वर्गात काका उकिडवे बसले होते. जमिनीवर गाऊन, टोपी, सुरळी सगळं झालेलं, फक्त चेहऱ्याची जागा रिकामी. मी दिलेला फोटो त्यांनी नीट पाहिला. मान, हनुवटी, उजेडाची बाजू तशीच घेतली. रंगापाशी मात्र अडले. फोटो बाजूला ठेवला आणि हाक मारली, "दर्शना, इकडं ये, बाय. हात दे."

ती शेजारी बसली. काकांनी रांगोळीत गेरू मिसळला, चिमूट तिच्या मनगटावर टाकली, बघितलं, फुंकर मारली. पुन्हा थोडा तपकिरी रंग, थोडी हळद. पुन्हा चिमूट. कितीतरी वेळ हे चाललं होतं. शेवटी एक चिमूट अशी पडली की मनगटावर ती कुठे आहे ते दिसेना.

"हा," काका म्हणाले. "हाच माज्या पोरीचा रंग."

दर्शनाने हात काढून घेतला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी गर्दीत उभी होते. पुढची एक म्हातारी रांगोळीवर वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "अगो, ही त आपली दर्शना!" काका दाराशी उभे होते. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

धंद्यापुरतं सांगायचं तर गिऱ्हाइकाने मागितलेला फोटो त्याला द्यावा. न मागितलेला जपून ठेवावा.