तळ दाखव

कतारमधल्या उम्म सलालच्या खोलीत आम्ही सगळे बायकापोरं गावी ठेवून आलेले. मी एसी दुरुस्त करतो. चौकसपणा हा माझा जुना रोग. कुठं काही खणून काढलेलं मोबाईलवर दिसलं की शुक्रवारचं जेवणसुद्धा थंड होतं.

त्या शुक्रवारी रोमन लोकांच्या सरहद्दीवरच्या किल्ल्यांत सापडलेल्या वस्तू बघत होतो. तलवारी-बिलवारींचं मला कौतुक नाही. कंगवा, सुई, सोंगट्या, मडक्याचं फुटकं बूड, यात खरी मजा. मग एक चामड्याचा बूट आला, माझ्या तळहाताएवढा.

"साध्या शिपायांना लग्नाची परवानगी नव्हती म्हणे," मी म्हणालो, "मग बराकीत पोराचा बूट कसा?"

शेजारच्या खाटेवर आमच्याच तालुक्यातला ड्रायव्हर लोळत होता. "घेऊन ठिवला असंल की कुणीतरी पोरीसाठी. तुझ्यागत."

टोला बरोबर बसला. आमच्याकडं पोराचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात आणि तो कागद गल्फला येणाऱ्याबरोबर धाडतात. बायकोनंही धाडला होता. तो कापून, आत घालून बघत मी दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातून लाल सँडल घेतल्या, जरा मोठ्याच. नंतर रजा पुढं गेली, पुन्हा गेली. कुणाबरोबर पाठवता आल्या असत्या, पण मला त्या माझ्या हातानं पोरीच्या पायात घालायच्या होत्या. हट्टच म्हणा. सँडल खाटेखाली, आणि पोरीचा पाय काही माझ्या रजेसाठी थांबणार नव्हता.

मी फोटो मोठा केला. मशीनचा पट्टा कुठं घासतो ते बघायची सवय, म्हणून आधी तळ बघितला. टाचेकडं चांगलाच झिजला होता. म्हणजे घेऊन ठेवलेला नव्हता. ते पोर तिथं चाललं होतं, बापाच्या आसपास. मला त्या शिपायाचा सरळ हेवा वाटला, आणि खाटेखालच्या कोऱ्या सँडलची लाज.

ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात गावी निघाला होता. सँडल त्याच्या हातात दिल्या. "खलास, आता घालू दे तिला," म्हटलं.

काही महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर मी बायकोला म्हणालो, "सँडल उलटी करून तळ दाखव."

"अहो, तळ काय बघायचा? चिखलानं भरलाय."

"दाखव गं."

तिनं पदरानं पुसून तो कॅमेऱ्यापुढं धरला. टाचेची बाहेरची कड झिजली होती. माझी चप्पलही तिथंच झिजते.