हिवराखालचा कंदील

आष्ट्याच्या पेठेत अजमलचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो अजमल काढतो, आणि फोटोतली नको झालेली माणसं पुसायचं काम त्याच्या बायकोचं, परवीनचं. लग्नाचे फोटो घेऊन बाया येतात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवतात आणि हळू आवाजात सांगतात, हिला घालवा. कधी सोडचिठ्ठी झालेली सून, कधी वाटणीत बिनसलेला दीर. परवीन मागच्या मांडवाचं कापड ओढून त्या जागेवर असं बसवते, की तिथं कधी कुणी उभंच नव्हतं. हरणाबाईंची माहेरी निघून गेलेली सून तिनं अशीच घालवली. हरणाबाई चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या हाताला लय सफाई हाय गं."

सफाई आहे, हे परवीनलाही ठाऊक होतं. पण स्टुडिओच्या पाटीवर नाव एकट्या अजमलचं, अल्बममागचा शिक्काही त्याचाच. एकदा तरी एखाद्या फोटोखाली आपलं नाव छापलेलं बघायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

अजमलला रात्रीच्या आभाळाचं वेड. आष्ट्याकडं कारखान्यांचा आणि हमरस्त्याचा उजेड, तारे फिके दिसायचे. काळोख पाहिजे तर वडूजकडं चला, हे परवीननंच सुचवलं. तिकडं तिचं माहेर. वडूजच्या पुढं माळावर हिवराचं एकटंच झाड उभं आहे, तेही तिनंच दाखवलं. मग अमावास्या धरून दोघं मोटरसायकलवर निघू लागली. अजमल स्टँड रोवायचा, एक ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून फोकस जुळवायचा, भिंग पूर्ण उघडायचा आणि शटर वीसेक सेकंद उघडं ठेवायचा. त्याहून जास्त ठेवलं की ताऱ्यांची टिंबं राहत नाहीत, रेघा होतात. पण तेवढ्या वेळात झाड काळंच राहतं. म्हणून परवीननं कंदील घेऊन हिवराखाली उभं राहायचं. बॅटरीवरचा कंदील, उजेड मऊ पडावा म्हणून त्याला पतंगाचा पिवळा कागद गुंडाळलेला.

"हलू नगंस गं," तो लांबून सांगायचा.

"श्वास तरी घिऊ का न्हाई?"

"घे, पर दमानं."

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे जमलं. आकाशगंगा हिवराच्या फांद्यांतून वर चढत गेलेली, आणि खाली कंदील धरून परवीन, वाऱ्यानं ओढणी जराशी उडालेली. अजमलनं तो कॅमेऱ्यात दोनदा उघडून बघितला. मग म्हणाला, सांगलीच्या प्रदर्शनातल्या स्पर्धेला हाच पाठवायचा आणि नाव दोघांचं लावायचं. परतीच्या वाटेवर मागं बसलेली परवीन ते नाव मनात लिहून बघत होती. आधी त्याचं, मग तिचं. मध्ये 'व'.

घरी आल्यावर त्यानं फोटो मोठा करून बघितला. "ओढणी हाललीया. आन् आभाळाच्या फोटोत माणूस कशाला? तेवढी तुला पूस."

"ऱ्हाऊ द्या की कोपऱ्यात."

"अगं, खाली नाव हाय की तुझं."

त्या नावासाठी तिनं पुसलं. मागचा माळ ओढून आणला, गवताचं पातं न् पातं जुळवलं. आधी ओढणी गेली, मग हात, मग कंदील. झाडावरचा उजेड तेवढा ठेवला. तो कुठून आला, हे आता कुणाला कळणार नव्हतं.

सांगलीहून फोन आला. फोटो निवडीत होता, फक्त कॅमेऱ्यातली मूळ फाइल हवी होती. अजमलनं ती बिनघोर पाठवली. त्यांच्या धंद्यात फोटो साफ करून देणं म्हणजेच काम. त्यात काही चुकलं असेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. निकालाच्या दिवशी परवीन ठेवणीतला ड्रेस घालून त्याच्याबरोबर गेली.

हॉलमागच्या खोलीत परीक्षकांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी उघडून ठेवले होते. माणूस बोलायला सौम्य. उजेड, रंग थोडा कमीजास्त केलेला चालतो, पण समोर जे होतं ते पुसलेलं चालत नाही, फोटो बाद करावा लागतोय, असं त्यांनी समजावलं. मग मूळ फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "आणि पुसलंत तरी काय? हिच्यामुळं तर आभाळ केवढं आहे ते कळतं. असाच पाठवला असता तर पहिला नंबर होता."

अजमलनं परवीनकडं बघितलं नाही. "मिसेसनं केलं सर. तिच्या हाताला सवयच हाय तसली."

परवीन दारात उभी होती.

"कोण आहे ही बाई?" परीक्षकांनी फोटोतल्या कंदीलवालीकडं बघत विचारलं. अजमल कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावत राहिला.

"कोन न्हाई," परवीन म्हणाली. "उजेड धराया आली हुती."

आष्ट्यात चहाच्या गाड्यावर बोलणं झालं, की बायकोनं अजमलचा नंबर घालवला. सांगणारा अजमलच होता. पूस म्हणून कोण म्हणालं, तेही सांगता का, असं तिनं एकदा विचारलं. आता त्याचं काय, म्हणाला.

यंदा उन्हाळ्यात अमावास्या जवळ आली तसा तो गोड बोलू लागला. चल, या वेळी पुसायचं नाही.

"आन् नाव?"

"आदी फोटू तर हुंदे."

"मग बुजगावणं न्या," परवीन म्हणाली. "त्याला पुसलं काय न् ठेवलं काय, सारकंच."

तिनं टोचायला म्हटलं होतं. त्याला ते पटलं. तो एकटाच गेला, आणि सकाळी दोरीवर तिची पांढरी ओढणी नव्हती. ओढणी हलू नये म्हणून त्यानं ती कंदील अडकवलेल्या बुजगावण्याच्या काठीला टाचण्यांनी टोचून टाकली. बुजगावण्याला श्वास घ्यावा लागत नाही. फोटो लख्ख आला, सांगलीत पहिला ठरला. फोटोतली बाई कोण, असं स्टेजवर विचारलं तेव्हा अजमल लाजून म्हणाला, आमच्या मिसेस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोखाली नाव एकट्याचं होतं.

आता तो फोटो फ्रेम करून स्टुडिओत लावला आहे, परवीनच्या कॉम्प्युटरच्या बरोबर वर. परवा हरणाबाई आल्या, थांबल्या, चष्मा वर केला.

"अगं, ही तूच न्हवं? किती ताठ उभी ऱ्हायलीयास."

परवीननं वर बघितलं नाही. हरणाबाईंच्या हातातला अल्बम घेतला, मांडीवर उघडला.

"कुणाला घालवायचं?" तिनं विचारलं.