चढावर बंद पडणारी गाडी

जेवून उठल्यावर तुळशीराम रेणुसे ओट्यावरच्या खाटेवर आडवा होतो. सकाळीच त्याची जुनी डिझेल गाडी पाबे घाटात पुन्हा बंद पडली होती आणि पुण्याला निघालेले पॅसेंजर शिव्या घालत दुसऱ्या जीपने गेले होते. आत शालन भांडी घासते आहे. तो आवाज हळूहळू लांब जातो, मग पान्हे एकमेकांवर आपटल्यासारखा होतो. तुळशीराम डोळे उघडतो. की उघडत नाही, त्याचं त्यालाच कळत नाही.

गाडी ओट्याला लागूनच उभी आहे आणि मागच्या सीटवर सोपानदादा बसलाय. गळ्यापर्यंत घोंगडी.

दादाला जाऊन वर्ष झालं. वेल्ह्यातलं गॅरेज त्याचंच, तुळशीराम तिथेच त्याच्या हाताखाली शिकला. आयुष्यभर गाड्यांचा धूर आणि विड्यांचा धूर ओढून छाती गेली. दवाखान्यात नेताना घाटातच संपला, याच गाडीत.

"गाडी आजपण झोपली वाटतं," दादा म्हणतो.

"हो."

"त्याच वळणावर?"

"त्याच्या थोडं अलीकडे."

दादा हसतो. जिवंतपणी हसला की खोकला यायचा. आता येत नाही.

"काय काय बदललंस?"

"फिल्टर बदलला. फीड पंप नवा टाकला. नोझल पुण्याला पाठवून तपासून आणले. पाइपसुद्धा नवे आहेत, दादा."

"आणि बंद पडल्यावर काय करतोस?"

"डिझेलचा हातपंप मारतो. लाइनमधली हवा काढतो."

"निघते?"

"नाही. डिझेलच येत नाही धड. थोडा वेळ उभी राहिली की मग आपोआप चालू होते. जसं काही झालंच नव्हतं."

"बॉनेट उघड."

तुळशीराम बॉनेट उघडतो. आत इंजिन आहे, पण खाली ओट्यापुढची माती नाही, दवाखान्याची पांढरी फरशी आहे. एक नर्स चप्पल फटफटवत जाते. तुळशीराम वाकून पाइप हाताने चाचपत जातो, एकेक नट आवळतो. कुठे ओल नाही, कुठे बुडबुडा नाही. घाम डोळ्यांत उतरतो. वर बघतो तर दवाखाना नाही, घाट आहे. ऊन रणरणतंय. मागून दादाच्या श्वासाची आतबाहेर होणारी शिट्टी ऐकू येतेय, त्या दिवशी येत होती तशीच.

"त्या दिवशीपण असाच डोकं घालून उभा होतास," दादा म्हणतो. "तुझं ढुंगण दिसत होतं मला काचेतून. शेवटचं मी तेच बघितलं."

"दादा, मी गाडी चालू करायला बघत होतो."

"बघत होतास ना. पुढेच बघत होतास. मागे ये."

तुळशीराम मागे येतो. दादा घोंगडीतून हात काढून खिडकीबाहेर बोट दाखवतो. डिझेलच्या टाकीचं झाकण.

"हे मी बसवलंय. पॅसेंजर वासाची तक्रार करतात म्हणून तूच मागे लागला होतास. भंगारातल्या एका गाडीचं घट्ट बसलं, बसवून टाकलं. याला भोकच नाही. डिझेल जसं खाली जाईल तशी वर हवा नको यायला? टाकी आतून आवळत जाते, चढावर इंजिन जास्त मागतं, आणि मग डिझेल येतच नाही. उभी ठेवली की कुठून तरी थोडी हवा झिरपते." दादा दात दाखवतो. "तू वर्षभर हवा काढत बसलास. तिला हवा पाहिजे होती, गाढवा."

तुळशीराम झाकणावर हात ठेवतो. तो विचारतो, "तुला तेव्हा कळलं होतं?"

"गाडीने पहिला आचका दिला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. छातीत होता नव्हता तेवढा दम गोळा करून बोललो. 'झाकण,' म्हणालो. 'झाकण काढ.'"

तुळशीरामला ते आठवतं. त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं होतं आणि बाटली दादाच्या ओठांना लावली होती.

"अर्धं नाकात गेलं," दादा म्हणतो. "आणि तू म्हणालास, पी दादा, बरं वाटेल."

"तू गेल्यावर पहिल्याच किल्लीला चालू झाली रे ती," तुळशीराम रडत म्हणतो. "मला काय माहीत? माफ कर मला."

"माफ? मी काय त्यासाठी आलोय?" दादा दार उघडून उतरतो. आजारपणात वाळलेला दादा नव्हे हा. गॅरेज नवं काढलं तेव्हाचा, भरल्या दंडांचा, हात कोपरापर्यंत काळे. "इतकी वर्षं शिकवलं तुला, तोंडी काही कळत नाही. टाकीला काय होतं ते कळायला पाहिजे ना?"

तो एका हाताने तुळशीरामचं नाक आणि तोंड दाबून धरतो. दुसरा हात मानेमागे. तुळशीराम धडपडतो, ढकलतो. हात हलत नाही. छाती आत आत ओढली जाते, बरगड्यांवर पत्र्यासारखी आवळते.

"आता चढ चढ," दादा शांतपणे म्हणतो. "चढ की."

तुळशीराम ओरडून उठतो आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहतो. ऊन ओट्यावरून उतरलंय. अनवाणीच तो गाडीपाशी जातो, टाकीचं झाकण फिरवून काढतो, उलटंसुलटं करतो, अंगठा फिरवतो. सगळीकडून गुळगुळीत. भोक नाही.

शालन चहा घेऊन बाहेर येते आणि थबकते.

"अहो, हे तोंडाला काय फासलंय?"

तो गाडीच्या आरशात बघतो. एका गालावर चार काळे पट्टे, दुसऱ्यावर एक जाड ठसा. स्वतःचे हात बघतो. जेवताना धुतलेले, स्वच्छ.

शालन खोबरेल तेलाचा बोळा आणून घासते. डाग पसरतही नाही, फिकाही होत नाही. "तुम्हीच झोपेत हात लावला असेल," असं म्हणत ती आपली बोटं त्या पट्ट्यांवर ठेवून बघते. तिची बोटं पट्ट्यांच्या अर्ध्यावरच संपतात. ती तुळशीरामचा हात उचलते, त्याच्या गालावर लावते. त्याचीही पुरत नाहीत.

ती हात पटकन मागे घेते आणि पदराला पुसत राहते.