न सांगता उठणारा प्रोग्राम

मी जालन्याच्या कॉलेजात गणित शिकवायचो, तेव्हा कॉम्प्युटरच्या मॅडम भोकरदनहून एसटीनं यायच्या. पर्स ठेवायच्या आधीच लॅबमध्ये डोकावून कोणता कॉम्प्युटर रिकामा आहे ते बघायच्या. संशोधनासाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. एकच मोठं गणित तो रिकाम्या कॉम्प्युटरांना वाटून द्यायचा, आणि कुणी विद्यार्थी येऊन बसला की तिथलं काम उचलून दुसरीकडं न्यायचा. "बघा सर, न सांगता उठला!" त्या मला कौतुकानं दाखवायच्या.

पुढं कॉम्प्युटर अडकतात अशी तक्रार गेली आणि प्राचार्य स्वतः लॅबमध्ये आले. लॅबमध्ये प्रोग्राम चालवायची परवानगी गेली असती तर मॅडमचं संशोधनच बसलं असतं. त्यांनी प्राचार्यांना एकेका कॉम्प्युटरवर बसवलं. कुठंच काही अडकलं नाही. "बराबर चालतंय की," म्हणत ते निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

"थांबा सर," मॅडम म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या जुन्यावर पण बसा."

तिथं मात्र प्रोग्राम हलेना. प्राचार्य बटणं दाबत राहिले. मॅडमनी सगळीकडचं काम तिथल्या तिथं बंद केलं. झालेलं सगळं गणित वाया गेलं.

"अहो, मी निघालोच होतो. हे दाखवायची काय गरज होती?"

"सर, तुम्ही गेल्यावर पोरं तिथंच बसणार न्हाईत का?"

दुरुस्तीत त्यांची दिवाळीची सुट्टी गेली. नंतर त्या प्राचार्यांना तपासायला बोलवायला गेल्या, तर ते जागचे उठलेच नाहीत.

"तुम्ही चालतंय म्हणताय ना मॅडम? मंग चालतंय. करा सुरू."