साडूचे गुडघे

बेकरीवाल्याच्या बोटांची पेरं सुजायला लागली, त्याच सुमारास त्याच्या साडूचे गुडघेही सुजले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचं दुखणं संधिवाताचं आणि डॉक्टरीणबाईही एकच. त्यामुळे सुरुवातीला दोघांचं छान जमलं. सुट्टीच्या दिवशी शेजारीशेजारी बसून कण्हायचे. इतकी जवळीक लग्नं झाल्यापासून कधी नव्हती.

मग साडूने पाव सोडला. भात, बटाटे, साखरही सोडली. अंडी, मासे, लोणी आणि भरपूर तेलात परतलेल्या पालेभाज्या, एवढ्यावर राहू लागला. काही महिन्यांत त्याचं सुटलेलं पोट आत गेलं आणि गुडघ्यांची सूज उतरली. तो बस चालवायचा. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायचं, ते थांबलं. एकदा बेकरीवाल्याच्या घरी तो दोनदोन पायऱ्या टाकत जिना चढून आला.

"अहो, बघा की जरा त्यांच्याकडे," बेकरीवाल्याची बायको म्हणाली.

बेकरीवाला बघतच होता. मनातून जळत होता.

त्यानेही गुपचूप तेच सुरू केलं. दिवसभर पाव भाजायचा आणि स्वतः लोण्यात तळलेली अंडी खायची. मुळातच काटकुळा, तो आणखी वाळला. बोटं मात्र पहिल्यापेक्षा जास्त फुगली. शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, साडूला गुण आला तो मला का नाही?

"त्यांचं वजन उतरलं, त्याचाही गुण असेल," त्या म्हणाल्या. "पोटावरची चरबीही सूज वाढवते. अशा खाण्याने काहींच्या रक्तात दाह कमी झालेला दिसतो, काहींच्या नाही. अजून नक्की सांगता येत नाही. तुमचं तर कोलेस्टेरॉल वाढलंय. आणि त्यांनी गोळ्या चालू ठेवल्यात. तुम्ही?"

 नुसत्या खाण्यावर बरं होऊन दाखवायचं, म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून साडूच्या घरी बन जाऊ लागले. मुलांसाठी, असं बेकरीवाला सांगायचा. भट्टीतून नुकतेच निघालेले, वरून साखर लावलेले. साडू कामावरून परतायच्या वेळेला तो स्वतः नेऊन द्यायचा. बायकोला केवढं बरं वाटलं. "तुमच्या मनात एवढी माया आहे, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

साडूने थोडे दिवस दम धरला, मग धरवला नाही. गुडघे पुन्हा सुजले आणि त्याने रजा टाकली, ही बातमी बायकोने आणली. त्या संध्याकाळी बेकरीवाला पोटभर जेवला.

साडू बेकरीत आला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरला धरून उभा राहिला.

"साडूभाऊ, उद्यापासून बन आणू नका."

"मुलांसाठी आणत होतो."

"मुलं आजोळी गेली होती तेव्हाही आणलेत." तो थोडा थांबला. "बनमुळेच सुजले असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. पण तुमच्या हातचा बन समोर आला की मला राहवत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

बेकरीवाल्याने हाताचं पीठ पुसलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं खरंच.

"हो. तुम्ही त्या दिवशी जिना चढून आलात ना, मला बघवलं नाही."

साडूने त्याच्या बोटांकडे पाहिलं. "तेवढं सांगायचं होतंत. मी सावकाश चढलो असतो."

बेकरीवाल्याने त्याला बसायला स्टूल दिलं. 

बन बंद झाले. बेकरीवाल्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता त्याची मूठ जवळजवळ मिटते. साडू कामावर रुजू झाला, पण एक गुडघा अजून कुरकुरतो. मत्सर काही गेला नाही. बायको धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक सुरू करते, तेव्हा बेकरीवाला ऐकून घेतो, आणि फार झालं की उठून पीठ मळायला जातो.