दोन टिक डावीकडे

आमच्या शाळेत रायफली थोड्या आणि पोरं बक्कळ. म्हणून कवायतीच्या सरांनी जोड्या लावून टाकल्या होत्या. एकानं सतरंजीवर पालथं पडून नेम धरायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागे स्टुलावर बसून दुर्बिणीतून टार्गेटचं कार्ड पाहायचं आणि गोळी कुठं लागली ते हळूच सांगायचं. त्या मागे बसणाऱ्याला आम्ही ‘सांग्या’ म्हणायचो. बाकी ठिकाणी अशी पद्धत नसते, नेमबाज आपलं आपणच पाहतो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटलं, मग ते लोक एकटे कसे काय नेम धरतात बावा.

कार्ड म्हणजे घड्याळाचं तोंड समजायचं. मधोमध लागली तर ‘दहा’. उजवीकडं सरकली तर ‘आठ, तीन वाजता’, म्हणजे गुण आठ आणि जागा तीनच्या आकड्याकडं. मग रायफलीच्या मागच्या साइटचं बटन फिरवायचं, म्हणजे नेम तेवढा सरकतो. ते फिरताना टिक टिक वाजतं. सांग्यानं ‘दोन टिक डावीकडे’ म्हटलं की निमूट दोन टिक डावीकडे फिरवायचं. का म्हणून विचारायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही.

नववीत जो मुलगा माझा सांग्या होता, त्याच्याशीच पुढं माझं लग्न झालं. यात कोणी प्रेमबिम शोधू नये. दोन्ही घरं धानाची, दोघांच्याही बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तळ्याखालच्या, सोयरीक मोठ्यांनी जुळवली. मी हो म्हटलं ते एवढ्याचसाठी, की हा माणूस खोटं सांगत नाही हे मला अनुभवानं माहीत होतं. सात लागली तर सातच सांगायचा. माझी गोळी तेव्हा कायम तीन वाजता जायची, कारण ट्रिगर हळू दाबायचा सोडून मी झटका द्यायचे. “आठ, तीन वाजता. झटका दिला तू.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मेल्यावरही कानात राहील. घरी सासूबाईंसमोर मी त्याला ‘अजी, तुम्ही’ करत संसार केला, पण सतरंजीवर पालथी पडले की तो परत शाळेतला ‘तू’ व्हायचा.

केस पिकल्यावर आमच्यातल्या काही उपद्व्यापी लोकांनी माजी विद्यार्थ्यांचा क्लब काढला. शाळेमागचं जुनं सायकल स्टँड चारही बाजूंनी बंद करून तिथं रेंज केली, स्प्रिंगवर चालणाऱ्या छऱ्याच्या रायफली आणल्या. दिवाळीनंतर धान घरात आलं की सामने सुरू होतात आणि होळीच्या आत संपतात. तुमसरकडचा क्लब, पवनीचा, साकोलीचा. सगळे आमच्यासारखेच, पालथं पडायला तयार पण उठायला कोणाचा तरी हात लागणारे. सांग्याची पद्धत त्यांनीही उचलली. सांग्याशिवाय कोणी बोलायचं नाही हा नियम, आणि शेवटी जिंकणाऱ्याला एक पितळी ढाल.

गेल्या पावसाळ्यात नवऱ्याच्या डोळ्यांचं निघालं. साखरेनं आतला पडदा खाल्ला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते सांभाळा. मधोमध डाग आणि कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळं तो घरात चालायचा व्यवस्थित, कोणाला धक्काही लागायचा नाही. पण चहा ओतायचा तो कपाच्या बाहेर. शहापुरात आमची धानाची गिरणी आहे. पट्टा जरा सैल झाला तरी घरात जेवता जेवता त्याला ऐकू यायचं आणि घास टाकून उठायचा. ती गिरणी पुतण्याकडं गेली. गाडीची चावी माझ्याकडं आली. लोकांना तो सांगायचा, “काही नाई, थेंब टाकून राहिलो, होते बरं.” मला वाटत होतं की निदान घरी तरी खरं बोलेल. पण मलाही तेच.

हंगामातला पहिला सामना आमच्याच रेंजवर होता. पहिली गोळी सुटली तेव्हाच मला कळलं की मधोमध बसली. बोटाला कळतं ते. मागून आवाज आला, “आठ, तीन वाजता. दोन टिक डावीकडे.” मी फिरवले. पुढची गोळी झाडली. “आठ, तीन वाजता. अजून दोन.” मी आणखी फिरवले. पुढं किती झाडल्या आणि कुठं गेल्या, दोरीनं कार्ड ओढून आणलं तेव्हा दिसलं. पहिली गोळी ठिपक्याच्या पोटात होती आणि बाकी सगळ्या डावीकडं वाळीत टाकल्यासारख्या. आम्ही हरलो. तो म्हणाला, “छर्रे खराब आहेत यावेळचे.”

माझ्यासारखी बाई गप्प बसली यावरूनच त्यानं ओळखायला पाहिजे होतं. त्याला कार्ड दिसत नव्हतंच. तो आठवून सांगत होता. नववीतली ती झटका देणारी पोरगी अजून तीन वाजताच मारते आहे, असं धरून तो स्टुलावर बसला होता. रात्रीचा स्वयंपाक करताना हे माझ्या लक्षात आलं आणि मी भाकरी तव्यावर करपू दिली.

क्लबचा सेक्रेटरी आमच्याच वर्गातला, भंडाऱ्याला त्याचं खताचं दुकान आहे. मनानं वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. तो एकदा बाजूला घेऊन म्हणाला, “वहिनी, दादाले आता आराम देऊ. माहा साळा बसते तुमच्या मागे. तोही आपल्याच शाळेचा आहे.”

मी म्हटलं, “तुह्या साळ्याले तुह्याच मागे बसव. पोत्यांचा हिशेब तरी बरोबर होईल.”

तो हसला, पण गेला नाही. म्हणाला, “ढाल आली तर मी कोणाले बोलू देत नाई. दादाच बसतील, पुढच्या वर्षीही. नाई आली तर मग मले तोंड नाई राहत, वहिनी.” बाकीचे कुरकुरत होते हे मलाही माहीत होतं. मी हो म्हटलं. गिरणी गेली होती, गाडी गेली होती. एक स्टूल राहिलं होतं, तेही यांना पाहिजे होतं.

मग मी युक्ती काढली. तो “दोन टिक डावीकडे” म्हणाला की मी एक टिक डावीकडे करायचे आणि एक परत उजवीकडे. टिक दोनच वाजायचे. साइट जिथल्या तिथं. तो खूश, कार्डही खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या हंगामात मी आयुष्यात मारली नाही अशी मारली. साकोलीला जिंकलो, पवनीला जिंकलो. कार्डं टेबलावर जायची, आकडा मोठ्यानं वाचला जायचा आणि तो मागून म्हणायचा, “पाहा, सांगितल्यासारखं केलं की होते.” मी म्हणायचे, “हो रे बाबा, तुह्यामुळंच.” हे म्हणताना मला हसू यायचं, आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन रडू यायचं. दोन्ही खरं होतं.

तुमसरकडचा सामना आंबागडच्या वाटेवरच्या एका मंगल कार्यालयात ठेवला होता. तिथं चहा घेताना माझ्यासाठी साखर घेणाऱ्या नवऱ्यानं डब्याऐवजी बाजूच्या माणसाच्या कपात चमचा घातला. त्यांच्यातला एक जण मित्राला म्हणाला, अगदी आम्हाला ऐकू जाईल असं, “आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तसं यांच्या क्लबचं आहे.” माझ्या हातात गरम चहा होता. तो त्याच्या शर्टावर कसा सांडला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. नवरा मात्र हसला आणि म्हणाला, “भाऊ, गिरणी माही आहे. पीठ नाई, तांदूळ निघते.” सगळे हसले. त्याचा हात मात्र माझ्या पदराचं टोक धरून होता, पार सामना सुरू होईपर्यंत.

तिथंही आम्ही जिंकलो. परत येताना मी त्याला कारध्याच्या पुलापर्यंत फिरवून आणलं, नदी त्याला आवडते म्हणून. आजवर पुलावर आलो की तो सांगायचा, पाणी किती आहे, रेती कुठं उघडी पडली, काठाला डोंगे, म्हणजे लहान होड्या, किती लागलेत. त्या दिवशी त्यानं विचारलं, “वैनगंगेले पाणी किती आहे?” मी सांगितलं, भरपूर आहे. थोड्या वेळानं परत विचारलं, “डोंगे?” मी सांगितलं, आहेत. एवढं विचारलं त्यानं, आणि मला नीट वर्णनही करता येऊ नये.

शेवटचा सामना होळीच्या आधीच्या रविवारी आमच्या रेंजवर झाला. समोर पुन्हा तुमसरवालेच. पत्रे तापले होते, सतरंजीला जुन्या घामाचा वास येत होता. माझ्या मनात ढाल नव्हतीच. मला स्टूल दिसत होतं. मी पालथी पडले आणि बोटानं जे आयुष्यभर कमावलं होतं ते त्या दिवशी सोडून दिलं. मला स्वतःला कळलं नाही. भीतीनं माणूस जिथून आला तिथं परत जातो, तशी मी नववीत गेले.

पहिली गोळी सुटली. मागून आवाज आला, “आठ, तीन वाजता. दोन टिक डावीकडे.”

मी सवयीनं एक पुढं केला, एक मागं.

दुसरी गोळी. “आठ, तीन वाजता,” तो म्हणाला, आणि या वेळी जरा थांबला. मग वाकून अगदी कानाशी म्हणाला, “अवं, खरंच. दोन टिक.”

खरंच, म्हणे. मला तो शब्द ऐकू आला आणि मी त्याच्यावर विचार केला नाही. एक पुढं, एक मागं. टिक, टिक. पुढची गोळी, त्याच्या पुढची. तो दर वेळी सांगत राहिला. मी दर वेळी ते दोन टिक वाजवत राहिले. शेवटी शेवटी तो सांगायचाही थांबला.

दोरी ओढली, कार्ड जवळ आलं. सगळ्या गोळ्या एका जागी, एकीला एक चिकटून, ठिपक्याच्या उजवीकडं. तीन वाजता. दोन टिक डावीकडे फिरवले असते तर सगळ्या दहात बसल्या असत्या. कार्ड हातात घेऊन मी तिथंच सतरंजीवर बसून राहिले. सेक्रेटरीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली केली. तुमसरवाल्यांनी ढाल उचलली, फोटो काढले, आम्हालाही बोलावलं. आम्ही जाऊन उभे राहिलो.

घरी जाताना मी गाडी तळ्याच्या पारीवर, बांधावर, थांबवली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, मी रडत होते. तो शेजारी बसला होता. मग म्हणाला, “झटका देत होती तू आज. मले ऐकू येत होतं. स्प्रिंगचा आवाज वेगळा येते झटक्यानं. मी कार्ड नाई पाहत होतो, पण ते खरं होतं.”

मी म्हटलं, “तुले माहीत होतं मी काय करत होती ते?”

“उलट्या टिकचा आवाज बारीक असते,” तो म्हणाला. “पवनीपासून माहीत होतं. एक पुढं, एक मागं.”

“मंग बोलला काहून नाई?”

पारीवरून कोणाच्या तरी म्हशी गेल्या, त्यांच्याकडं त्यानं मान वळवली, आवाजाच्या दिशेनं.

“बोललो असतो तर उठा लागलं असतं ना तिथून,” तो म्हणाला. “मले बसायचं होतं.”

मी त्याचा हात धरला. गिरणीच्या पट्ट्यानं खरबरीत झालेला हात, आता मऊ पडत चालला होता. मला त्या माणसावर इतकी माया आली आणि इतका राग आला, की मी त्याला म्हटलं, “मेल्या, एक शब्द बोलायचा होता.” तो म्हणाला, “बोललो ना. खरंच म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सेक्रेटरीला फोन केला. माझ्यापुढंच केला, आवाज हसरा ठेवून. “तुह्या साळ्याले बसव आता. मले पाठ दुखते स्टुलावर.” तिकडून तो काही तरी म्हणाला असेल. यानं “नाई नाई” म्हटलं आणि फोन माझ्याकडं दिला, बंद करायला.

यंदाही दिवाळीनंतर सामने सुरू झाले. मी जाणार नव्हते. त्यानंच हाकललं. सेक्रेटरीचा साळा चांगला माणूस आहे, नजर तेज आहे, सांगतो ते अगदी बरोबर सांगतो. त्यानं दोन टिक म्हटलं की मी दोन टिक फिरवते, दोन्ही एकाच बाजूला. रविवारी घरी येते तेव्हा नवरा ओसरीत बसलेला असतो. चपला काढायच्या आत विचारतो, “कुठं लागल्या?”

मी सांगते, “आठ, तीन वाजता.”

“झटका देते तू,” तो म्हणतो आणि समाधानानं मान हलवतो. आजकाल माझ्या बहुतेक गोळ्या दहात जातात. त्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.