गॅलरीतला दिवा

"पप्पा, आपल्या कोल्हापूरचा एक फोटो काढून पाठवा की," लेक फोनवर म्हणाली. "तिन्हीसांजेचा. आणि त्यात आपलं घर दिसलं पाहिजे. मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावणार हाय."

ती कॅनडात असते. मी मंगळवार पेठेत, माडीवर, एकटा. खाली भाडेकऱ्याचं शिवणयंत्रांचं दुकान, ते दिवस मावळायच्या आत बंद होतं. आयुष्यभर मी लग्नांचे फोटो काढले आणि "हलू नका" हे दोन शब्द एवढ्या वेळा ओरडलो की बायको म्हणायची, झोपेतसुद्धा ओरडता. आता लग्नात मला कोण बोलावत नाही. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. काढतात आपले धुरकट फोटो आणि वर म्हणतात, काय क्लॅरिटी हाय! बोंबला.

त्यामुळे लेकीनं फोटो मागितला आणि मला जोर चढला. रंकाळ्याच्या बाजूला ओळखीच्या एका माणसाचं उंच अपार्टमेंट आहे, त्याची गच्ची मागून घेतली. तिथून पूर्वेला तोंड केलं की सगळं गाव समोर येतं. देवळाची शिखरं, पाण्याच्या टाक्या, आणि त्या गर्दीत आमची निळी गॅलरी.

या फोटोचं सगळं गणित वेळेत आहे. लवकर काढला तर दिवे दिसत नाहीत, उशिरा काढला तर आभाळ काळं ठिक्कर आणि दिव्यांचे नुसते पांढरे गोळे. सूर्य गेल्यावर आभाळ आणि दिवे सारख्याच उजेडाचे होतात, तेवढ्या घटकेत काम उरकायचं. वाऱ्यानं ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याला बॅग टांगली. ऑटो फोकस बंद केला, लांबचा एक दिवा स्क्रीनवर मोठा करून पाहिला आणि तो टाचणीच्या डोक्याएवढा होईपर्यंत रिंग फिरवली. बटण दाबताना बोटाचा धक्कासुद्धा नको, म्हणून टायमर लावला. शटर काही सेकंद उघडं राहिलं. तेवढा वेळ मी श्वास धरून उभा, सवयच ती.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. खणखणीत! शिखरावरचा कळस मोजून घ्यावा असा. मग आमचं घर शोधलं. टाकी सापडली, निळा कठडा सापडला. आजूबाजूच्या प्रत्येक खिडकीत उजेड होता आणि मधोमध आमचं घर अंधारात.

असणारच की! दिवा लावायला घरात होतं कोण? दिवेलागणीला गॅलरीतला दिवा लावायचं काम बायकोचं. हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची. "तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये," म्हणायची. ती गेल्यापासून तो दिवा मी लावलाच नव्हता. आतल्या खोलीत टीव्ही लावून बसायचो. फोटो एवढा स्वच्छ आला नसता तर बरं झालं असतं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं. लेकीला मी दर फोनला सांगतो, माझं मजेत चाललंय. हा फोटो तिच्या भिंतीवर गेला की माझं बिंग रोज तिच्या डोळ्यासमोर.

कॉम्प्युटरवर आमच्या गॅलरीत उजेड भरता आला असता. पण तसला खोटेपणा मी कधी केला नाही, लेकीसाठी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी निघताना गॅलरीतला दिवा लावला. दार ओढलं, लॅच लागलं. घाईत मोबाइल चार्जिंगलाच राहिला. गच्चीवर जाऊन लेन्स लावली आणि बघतो तर टाक्यांच्या गर्दीत आमचा पिवळा दिवा. खरं सांगतो, क्षणभर वाटलं बायको घरात आहे. शटर उघडं होतं तेवढा वेळ मी तसंच वाटू दिलं.

परत आलो तर गल्लीत ही गर्दी! आमचं माडीचं दार मोडून पडलेलं. पुढं शेजारच्या म्हशीवाल्या वहिनी, हातात दुधाची चरवी.

"आवो भावजी, हुता कुठं?" त्या माझ्यावरच ओरडल्या. "दिवा लागलाय, आत फोन वाजालाय, आन् बेल मारून मारून बोट दुखालं तरी तुमचा पत्त्या न्हाय!"

"म्हणून दार मोडायचं?"

"मग? तुमचं मढं निघायची वाट बघू व्हय?"

रोज संध्याकाळी त्या माझं दूध पायरीवरच्या डब्यात ओतून जायच्या. घर अंधारात म्हणजे मी बाहेर, असं त्या धरून चालायच्या. त्या दिवशी दिवा दिसला, म्हणून पहिल्यांदा बेल मारली.

लोक पांगल्यावर, दाराला दोरी बांधून, मी फोटो बघत बसलो. दार मोडून लोक मला शोधत गॅलरीत आले तेव्हाच मी शेवटचा फोटो काढला होता, म्हणजे त्यात गॅलरी माणसांनी भरलेली असणार. मोठा करून बघितलं. दिवा टाचणीच्या डोक्याएवढा, कठडा रेघेसारखा. माणूस एकही नाही, नुसता एक पुसट डाग. हलली सगळी! हलणारं माणूस तेवढ्या वेळात उमटत नाही.

तोच फोटो पाठवला. लेकीचा लगेच फोन.

"पप्पा, गॅलरीत दिवा लागलाय! घरात कोण हाय?"

"कोण न्हाय गं. मी तर कॅमेऱ्यामागं होतो."

"मग लावला कशाला?"

"तुला दिसावा म्हणून."

"पप्पा, रोज लावत जावा."

आता लावतो. दूधही पायरीवर ठेवू देत नाही, डबा मुद्दाम आत आणून ठेवलाय. दिवेलागणीला दिवा लावतो, टीव्ही बंद करतो आणि बेल वाजायची वाट बघत बसतो.